घरांतला लहानसा समुद्र

पोवळें मराठी घराला अपरिचित नाहीं. नवरत्नांत त्याची गणना होते. मंगळाची पीडा टळावी म्हणून तें आंगठींत बसवितात. वैद्याच्या बटव्यांत प्रवाळभस्माची पुडी असतेच. परंतु पोवळें हा खाणींतून निघालेला खडा नसून समुद्रांतील प्राण्यांनीं बांधलेला सांगाडा आहे, ही गोष्ट तें बोटांत वागविणाऱ्यांपैकीं किती जणांना ठाऊक असते? मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें आणि त्यानें महाराष्ट्रांतील मुलांच्या कित्येक पिढ्यांना कांचेआडचे समुद्री मासे दाखविले. प्रवाळ हा प्राणी मात्र बहुतेकांना चित्रांतच भेटला. तो जिवंत असतां कसा दिसतो, उजेड झाला कीं कसा उमलतो आणि दिवा मालवला कीं कसा मिटतो, हें समुद्रापासून शेंकडों किलोमीटर दूर राहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबास स्वतःच्या घरांत पाहतां येईल काय? येईल, आणि त्यासाठीं कर्ज काढण्याचेंही कारण नाहीं. मात्र पैसा कोठें वांचवावा व कोठें वांचवूं नये, याचा विवेक प्रथम झाला पाहिजे.

उदाहरणासाठीं छत्रपती संभाजीनगरजवळचें बजाजनगर घ्यावें. पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेली ही कारखान्यांतील नोकरदारांची वस्ती. दोन-तीन खोल्यांचीं घरें, पाळ्यांप्रमाणें बदलणारी झोंप, उन्हाळ्यांत चाळीस अंशांपलीकडे जाणारा पारा, आणि पाण्याची किंमत पुरतेपणीं ओळखणारा मराठवाडा. समुद्रसपाटीपासून साडेपांचशें मीटरांहून उंच अशा या पठारावर समुद्र मांडावयाचा, हा विचार वरवर पाहतां हास्यास्पद वाटेल. परंतु याच पठारानें एक सोय फुकट देऊं केलेली आहे. तिचा उल्लेख पुढें येईल.

प्रवाळाचा एकेक प्राणी बहुधा नखाहून लहान असतो. मध्यें तोंड, भोंवतीं स्पर्शकांची झालर, इतकेंच त्याचें दृश्य शरीर. पण त्याच्या मांसांत एकपेशी शैवालें बिऱ्हाड करून राहतात. उजेडाच्या साहाय्यानें तीं शर्करा तयार करतात व तिचा मोठा वांटा यजमानास देतात; यजमान त्यांना आसरा देतो आणि आपल्या शरीरांतील त्याज्य द्रव्यें खत म्हणून पुरवितो. पाणी कांहीं आठवडे नेहमींच्या उन्हाळ्याहून अंशभर जरी अधिक तापलें तरी हें सहजीवन मोडतें, शैवालें बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. २०२४ च्या एप्रिलमध्यें शास्त्रज्ञांनीं जगांतील प्रवाळांच्या अशा व्यापक विरंजनाची चौथी वेळ जाहीर केली. त्याच उन्हाळ्यांत लक्षद्वीपचीं प्रवाळेंही पांढरीं पडलीं. तेव्हां घरांतील टाकीचें पहिलें कर्तव्य हें कीं, तिनें या प्राण्यास उजेड द्यावा, पाणी हलतें ठेवावें आणि ऊब आवरावी.

हा खटाटोप साध्या साधनांनीं होऊं शकतो हें जाकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थानें १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखानें जगास कळलें. त्याच्या टाक्यांत यंत्रांचें अवडंबर नव्हतें; समुद्रांतील सजीव दगड, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर प्रवाळें जगत होतीं. त्याच्या दाराशीं समुद्र होता, बजाजनगरच्या दाराशीं नाहीं. म्हणून त्याची रीत जशीच्या तशी उचलतां येत नाहीं. तिचें सार मात्र उचलतां येतें: पाणी शुद्ध करण्याचें काम यंत्रांहून दगडांत राहणारे जंतू अधिक चोख करतात.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच असावी. गांवांतील काचवाला अशी टाकी जोडून देतो. दगड घालून व वर थोडी जागा सोडून तींत सुमारें ६० लिटर पाणी मावतें. याहून लहान टाकी स्वस्त पडते हें खरें, पण ती घेणें म्हणजे फसणें होय. थोडें पाणी लवकर तापतें, लवकर निवतें आणि एक मासा मेला तरी नासतें. भरलेल्या टाकीचें वजन ऐंशी किलोग्रॅमांहून अधिक होतें, यास्तव खालचें मेज भक्कम व सपाट हवें. पश्चिमेच्या उन्हाची खिडकी आणि स्लॅबखालीं तापणारी वरच्या मजल्याची खोली टाळून घरांतील सर्वांत थंड कोपरा तिला द्यावा.

आतां पाणी. मुंबईहून समुद्राचें पाणी कॅनांत भरून आणण्याची कल्पना पुष्कळांना सुचते. शहराजवळचें किनाऱ्याचें पाणी मैलें असतें, पावसाळ्यांत त्यांत गोडें पाणी मिसळतें, आणि तीनशें किलोमीटरांहून अधिक लांब वाहून आणण्याचा खर्च मिठाच्या किंमतीहून जास्त होतो. स्वयंपाकाचें मीठ घालण्याचा मोह तर मुळींच नको. समुद्राच्या पाण्यांत सोडिअम व क्लोरिन यांखेरीज दर लिटरमागें सुमारें १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशिअम आणि चारशेंच्या आसपास कॅल्शिअम असतें. हीं द्रव्यें योग्य प्रमाणांत मिसळलेलें कृत्रिम सागरी मीठच घेतलें पाहिजे. एक लिटर पाण्यास सुमारें ३५ ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीस दोन किलोग्रॅमांहून थोडें अधिक, आणि पुढें दर आठवड्यास सहा लिटर पाणी बदलण्यासाठीं पावशेराच्या आंतबाहेर, इतकेंच तें लागतें. क्षारता मोजण्याचें साधन मात्र चांगलें असावें. पंचवीस अंश तपमानाला विशिष्ट गुरुत्व १.०२५ भरलें कीं झालें.

मीठ कितीही चांगलें असलें तरी तें ज्या पाण्यांत विरघळवावयाचें तें पाणी क्षारमुक्त पाहिजे. बोअरचें पाणी पठाराच्या दगडांतून क्षार घेऊन येतें, आणि त्यांतील नत्रयुक्त द्रव्यें शेवाळाला मेजवानी देतात. घरच्या आर. ओ. यंत्राचें पाणी चालतें, पण एक गोष्ट पाहून: पाण्यास चव राहावी म्हणून अशा कित्येक यंत्रांत थोडें कच्चें पाणी परत मिसळण्याची योजना असते. ती बंद करून घ्यावी आणि पेनाएवढ्या टी. डी. एस. मापकानें आंकडा दहाच्या खालीं आल्याची खात्री करावी. अशा यंत्रांतून शुद्ध पाण्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी बाहेर पडतें. २०१६ च्या एप्रिलमध्यें लातूरकरांसाठीं आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें ज्या मराठवाड्यानें पाहिलें त्यास हें पाणी मोरींत सोडणें शोभत नाहीं. तें लादी पुसण्यास, भांडीं घासण्यास खुशाल वापरावें. वातानुकूल यंत्रांतून ठिबकणारें पाणी फुकट असलें तरी घेऊं नये. तें तांब्याच्या नळ्यांवरून येतें, आणि तांब्याचा अंशही प्रवाळांस व शंखशिंपल्यांस विषासारखा.

सजीव दगड म्हणून दुकानांत जें मिळतें तें बहुधा मेलेल्या प्रवाळाचेंच खडक असतें. तें कां घेऊं नये हें पुढें येतच आहे. तूर्त त्याऐवजीं काय वापरावें तें पाहूं. पठाराचा काळा दगड पाण्यांत निरुपद्रवी आहे, तो पायाला चालेल. पण तो घट्ट असल्यामुळें जंतूंना आंत घरें मिळत नाहींत. वरचे दगड घरींच घडवावे. एक भाग सिमेंट, तीन-चार भाग धुतलेली जाड वाळू व शिंपल्यांचा चुरा. हा चुरा कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानीं मिळतो. यांत मूठभर खडेमीठ कालवून ओल्या वाळूच्या खळग्यांत गोळे ओतावे. मीठ मागाहून विरघळून जातें आणि त्याच्या जागीं छिद्रें राहतात. ताज्या सिमेंटाचा चुना पाण्याला अतिशय दाहक करतो, म्हणून हे दगड सहा ते आठ आठवडे साध्या पाण्यांत, वरचेवर पाणी बदलून, भिजत ठेवावे लागतात; चांचणीच्या पट्टीवर पाण्याचा सामू साडेआठाच्या खालीं टिकूं लागला म्हणजे ते टाकींत घालण्यास योग्य झाले. या दोन महिन्यांचा कंटाळा करून ज्यांनीं दगड लवकर आंत टाकले त्यांचे मासे सिमेंटानें मारले, नशिबानें नव्हे.

यानंतर आणखी महिना-दीड महिना टाकी रिकामीच चालवावयाची. चिमूटभर माशांचें खाद्य टाकावें. तें कुजून अमोनिया होतो. एका जातीचे जंतू अमोनियाचें नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचें नायट्रेट. पहिलीं दोन द्रव्यें विषारी आणि तिसरें बरेंच सौम्य. परीक्षाद्रव्यांच्या कुप्यांनीं तपासतां अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन स्थिरावलीं, म्हणजे टाकी प्राण्यांना घर म्हणून देण्याजोगी झाली. चालू टाकी असलेल्या परिचिताकडून मूठभर वाळू मिळाली तर हें काम लवकर उरकतें. घरांतील मुलांना हा काळ फार जड जातो. मासे केव्हां येणार, हा प्रश्न दिवसांतून चार वेळां ऐकावा लागतो. त्यावर मुलांनाच वहींत रोजचे आंकडे टिपावयास लावणें हा उत्तम उपाय आहे.

आतां त्या फुकट मिळणाऱ्या सोयीकडे वळावयाचें. प्रवाळास २४ ते २७ अंश तपमान मानवतें. तीसच्या पुढें त्याचे हाल सुरू होतात. श्रीमंत हौशी पाणी थंड करणारें यंत्र आणतात, आणि साऱ्या टाकीच्या खर्चाइतका खर्च तेवढ्यावर होतो. पण मराठवाड्याच्या माणसास माठाचा न्याय शिकवावयास नको. माठ पाझरतो, पाझरलेलें पाणी उडतें आणि उडतांना आंतल्या पाण्याची ऊब नेतें. टाकीच्या पृष्ठभागावरून संगणकांत बसवितात तसला एखादा लहान पंखा वारा घालूं लागला कीं हीच क्रिया घडते. ६० लिटरांतून एक लिटर पाणी वाफ होऊन गेलें तर उरलेलें पाणी नऊ-दहा अंशांनीं निववण्याइतकी उष्णता तें घेऊन जातें. खोलीची ऊब सतत परत शिरत असल्यामुळें प्रत्यक्ष उतार तीन-चार अंशांचाच दिसतो. तथापि तेवढाच हवा असतो.

हा उतार हवेच्या कोरडेपणावर अवलंबून आहे. हवा चाळीस अंश तापलेली असून आर्द्रता शेंकडा वीस असेल, तर बाष्पीभवनानें पाणी तेवीस अंशांच्या आसपासपर्यंत निवूं शकतें. तेंच मुंबईस तेहेतीस अंश व शेंकडा सत्तर आर्द्रता असतां ही मर्यादा अठ्ठावीसच्या खालीं जात नाहीं. म्हणजे समुद्रकांठच्या मुंबईकराला जें यंत्र विकत घ्यावें लागतें, तें काम बजाजनगरांत पठाराची कोरडी हवा करते. मात्र त्याच खोलींत कूलर चालू असला तर हवा दमट होऊन पंख्याचा जोर कमी पडतो. खोली थंड झाल्यानें तोटा बराच भरून निघतो हें खरें, तरी खिडकी थोडी उघडी असावी. डिसेंबर-जानेवारींत याच्या उलट प्रकार. रात्रीं पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, आणि ५० वॅटचा, आपोआप बंद होणारा तापक लागतो.

पाणी उडतें तें गोडें. मीठ मागें राहतें. टाकींतून रोज लिटरभर पाणी उडालें आणि कोणीं लक्ष दिलें नाहीं, तर सात दिवसांत लिटरमागें ३५ ग्रॅमचे जवळजवळ ४० ग्रॅम होतात. म्हणून कांचेवर चिकटपट्टीची खूण करावी आणि रोज त्या खुणेपर्यंत शुद्ध गोडें पाणी भरावें, खारें नव्हे. जेथें घरचा कर्ता माणूस एक आठवडा दिवसपाळीस व पुढचा रात्रपाळीस जातो तेथें हें काम त्याच्यावर न ठेवतां घरीं असणाऱ्या एका व्यक्तीकडे नेमून द्यावें. दहा वर्षांचें मूलही तें बिनचूक करतें. विजेच्या वायरी बोर्डाकडे जातांना खालीं झोळ देऊन न्याव्या, म्हणजे ओघळलेलें खारें पाणी बोर्डांत न शिरतां जमिनीवर पडेल. पंख्यासाठीं झांकण काढावें लागतें आणि मासे उडी मारतात, यास्तव वर मच्छरदाणीची जाळी ताणावी.

दिवा म्हणून पांढऱ्या व निळ्या एल. ई. डी. मिळून तीसएक वॅट पुरतात, रोज आठ तास. पाणी हलविण्यास पांच वॅटचा बुडीत पंप. कूलरची मोटर या कामीं लावूं नये. तिचा लोखंडी दांडा खाऱ्या पाण्यांत गंजतो. दिवा, पंप व पंखा मिळून दिवसाला अर्धें युनिट वीज जाते, महिन्याला सुमारें पंधरा. वीज गेली तर पंपाविना पाण्यांतील प्राणवायू घटूं लागतो, म्हणून सेलवर चालणारा एक हवेचा पंप कपाटांत असावा.

प्राणी निवडतांना मात्र स्वस्ताईचा विचार बाजूस ठेवला पाहिजे. टणक सांगाड्याचीं खडकी प्रवाळें, काळें प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं घातले गेले, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतरही हें संरक्षण कायम आहे. गुन्ह्यास तीन ते सात वर्षांचा कारावास सांगितला आहे. जिवंत प्रवाळच नव्हे, तर त्याचा वाळलेला सांगाडाही यांत येतो. दुकानांतला ‘सजीव दगड’ वर्ज्य सांगितला तो यामुळें. हा कायदा किती काटेकोर आहे याचें उदाहरण मुंबईसच घडलें. किनारी मार्गाच्या बांधकामाच्या वेळीं, २०२० सालीं, हाजी अली व वरळी येथील खडकांवरचीं थोडींशीं प्रवाळें दुसरीकडे हलवावयाचीं होतीं. त्यासाठीं वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांकडून तीं हलवावीं लागलीं. एवढ्या मोठ्या कामाला जी सूट नाहीं ती दिवाणखान्यांतल्या टाकीला कोठून असणार?

आणि प्रश्न नुसत्या शिक्षेचा नाहीं. महाराष्ट्राला प्रवाळें कमी लाभलीं आहेत: मालवणच्या आसपास, जेथें १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरांहून दूर बुडालेल्या, आंग्र्यांचें नांव मिरविणाऱ्या आंग्रिया बँकेवर. खडकी प्रवाळाच्या कित्येक जाती वर्षाला एक-दोन सेंटिमीटरच वाढतात. घरीं आणलेला मूठभर तुकडा नवख्याच्या हातीं दोन महिन्यांत मरतो. समुद्रांत तेवढा वाढावयास त्याला चार-पांच वर्षें लागलेलीं असतात.

सुदैवानें नवख्याला साधतील अशीं आणि त्या अनुसूचींत न येणारीं मऊ प्रवाळें व त्यांचे आप्त आहेत. छत्रीसारखे चपटे ‘मशरूम’, बटणांच्या गुच्छासारखे झोअँथस, चामड्यासारखें सार्कोफायटन, हीं मंद उजेडांत व थोड्या चुकांत निभावून नेतात. कोणा हौशीच्या टाकींत वाढलेला तुकडा घ्यावा. दुकानांतून घेतला तर पावती मागावी, आणि कोठून आला याचें सरळ उत्तर न मिळाल्यास रिकाम्या हातीं परतावें. झोअँथसविषयीं एक ताकीद अवश्य दिली पाहिजे. त्याच्या कांहीं जातींत पॅलिटॉक्सिन नांवाचें अत्यंत जहाल विष असतें. त्याला हात लावतांना रबरी हातमोजे व डोळ्यांवर चष्मा असावा. आणि तो चिकटलेला दगड कधींही उकळूं नये किंवा गरम पाण्यानें घासूं नये, कारण त्या वाफेनें घरेंच्या घरें इस्पितळांत गेल्याचीं उदाहरणें परदेशांत घडलीं आहेत.

मासे दोन पुरेत. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश, ज्यास कोणी विदूषक मासाही म्हणतात, तो आतां समुद्रांतून पकडून आणण्याचें कारण उरलेलें नाहीं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें त्याची बंदिस्त पैदास साधली आहे, आणि नव्या मुंबईंत ऐरोली येथेंही मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनचें असें उबवणी केंद्र आहे. टाकींत जन्मलेला मासा कोरडें खाद्य चटकन् खातो व प्रवासानें खचत नाहीं. पकडलेल्या माशाहून तो चार पैसे महाग असला तरी टिकण्याच्या हिशेबानें स्वस्तच पडतो. खाद्य दिवसांतून एकदां, दोन मिनिटांत संपेल एवढेंच. पाहुण्यांना गंमत दाखविण्यासाठीं पुन्हां पुन्हां चिमटी सोडणारीं घरें आपल्या टाकींत शेवाळाची शेती करतात. कांचेवरचें शेवाळ खाण्यास तीन-चार शंखगोगलगायी असाव्या.

दर आठवड्यास नळीनें सहा लिटर पाणी काढून त्याच तपमानाचें व क्षारतेचें नवें पाणी घालावें. काढलेलें खारें पाणी तुळशीला किंवा कुंड्यांना घालूं नये, जमीन बिघडते. तें मोरींतच जावें. टाकींतला कोणताही प्राणी विहिरींत अथवा तळ्यांत सोडूं नये, आणि सहलीच्या निमित्तानें समुद्रांतही नाहीं.

सर्व सुरळीत असेल तर आठ-दहा महिन्यांत मशरूमच्या कडेला मिरीएवढीं पिलें दिसूं लागतात आणि सार्कोफायटनची टोपी दाटीनें दुमडूं लागते. तेव्हां नव्या पात्यानें, हातमोजे घालून, टोपीचा एक वेंच कापावा. तो सिमेंटाच्या चपट्या खड्यावर जाळीच्या तुकड्यानें सैलसर बांधून मंद प्रवाहांत ठेवावा. पहिले दोन दिवस तो आक्रसतो, अंगावर मेणचट पापुद्रा धरतो, मेल्यासारखा दिसतो. त्याला हलवूं नये. दहा-पंधरा दिवसांत तो खड्याला धरतो, जाळी सोडावी, आणि शेजारच्या गल्लींत ज्यानें दोन महिने सिमेंटाचे दगड भिजत घातले असतील त्याच्याकडे टाकीच्याच पाण्यांत बुडवून, झांकणाच्या डब्यांतून, सकाळच्या थंड वेळीं न्यावा.